वेढ्यातल्या शहराच्या अन्नाचा हिशोब कसा मांडावा : लेनिनग्राड १९४१-४२ च्या आकड्यांवरून

युद्धकाळातल्या शहरांवर मराठीत जे लेख, महाविद्यालयीन प्रकल्प आणि व्हिडिओंच्या संहिता वाचायला मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत अन्नाचा हिशोब एका भागाकारात उरकलेला असतो. गोदामात इतके टन धान्य, शहरात इतकी माणसे, माणशी इतके ग्रॅम, म्हणून साठा इतक्या दिवसांचा, एवढ्यावर विषय संपतो. या भागाकारातली तिन्ही पदे दर पंधरवड्याला बदलत असतात आणि ज्याने तो आकडा मूळ कागदावर लिहिला त्याच्या मनातला अर्थ आपल्या मनातल्या अर्थाशी जुळेलच असे नसते, हे लक्षात न घेतल्यामुळे उत्तर नुसते ढोबळ राहत नाही, तर साफ उलटे निघते. म्हणून हा हिशोब कोणत्या क्रमाने मांडावा आणि प्रत्येक पायरीवर कुठे पाय घसरतो, ते येथे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

उदाहरण लेनिनग्राडचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने वेढलेल्या सोव्हिएत शहराचे (आजचे सेंट पीटर्सबर्ग) घेतले आहे, कारण रोजचा पिठाचा खर्च, शिध्यात झालेले बदल आणि शेजारच्या लादोगा सरोवरावरून झालेली आवक, हे तिन्ही आकडे तारखेनिशी उपलब्ध असलेली वेढ्यातली शहरे फार थोडी आहेत.

टप्पा १ : कागद हाती घेण्यापूर्वीची तयारी

एक मोठा तक्ता आखा; वही चालेल, संगणकावरचा तक्ता असेल तर अधिक सोयीचे. आडव्या ओळी महिन्यांच्या घेऊ नका. लेनिनग्राडमध्ये पावाचा शिधा २ सप्टेंबर, १२ सप्टेंबर, १ ऑक्टोबर, १३ नोव्हेंबर, २० नोव्हेंबर आणि २५ डिसेंबर १९४१ ला, त्यानंतर २४ जानेवारी आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला बदलला. एकट्या नोव्हेंबरमध्ये तीन वेगवेगळे दर लागू होते, त्यामुळे ‘नोव्हेंबरचा शिधा’ असा रकाना आखला की चूक पहिल्याच ओळीत शिरते. प्रत्येक ओळ एका दरापासून पुढच्या दरापर्यंतची असावी आणि त्या अवधीचे दिवस शेजारी लिहिलेले असावेत.

उभे रकाने असे ठेवा : खाणारी तोंडे, हातातला साठा, रोजचा खर्च, रोजची आवक, जाहीर शिधा, प्रत्यक्ष हाती आलेला शिधा, त्यातले पोषण आणि मृत्यू. यातला कोणताही रकाना दुसऱ्या रकान्याच्या आकड्याने भरायचा नाही. ‘जाहीर’ आणि ‘हाती आलेला’ यांत सरमिसळ करणे ही या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

एकके आधीच ठरवून घ्या. इंग्रजी पुस्तकांतून आकडे घेतल्यास पाव औंसांत आणि पौंडांत येतो, आणि त्यातला टन कधी मेट्रिक तर कधी २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोंचा असतो. जुन्या रशियन उल्लेखांत पूद भेटतो. तो सुमारे १६.४ किलोंचा. सगळे किलो आणि मेट्रिक टनांत आणून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पडताळा : प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का? तारीख, कोणाचा हिशोब, आणि त्यात काय काय धरले आहे. तिसरी गोष्ट लिहिता येत नसेल तर तो आकडा पेन्सिलीने लिहा.

टप्पा २ : हद्द आणि खाणारी तोंडे

वेढा कधीपासून धरायचा हे आधी पक्के करा. २९ ऑगस्ट १९४१ च्या सुमारास शहरातून बाहेर जाणाऱ्या शेवटच्या गाड्या सुटल्या, ३० ऑगस्टला म्गा हे रेल्वे जंक्शन पडले आणि ८ सप्टेंबरला लादोगाकाठचे श्लिसेलबुर्ग पडल्यावर जमिनीवरचे सर्व रस्ते तुटले. अन्नाच्या हिशोबासाठी ८ सप्टेंबर ही तारीख घ्यावी. वेढा पूर्ण उठला तो २७ जानेवारी १९४४ ला, म्हणजे ८७२ दिवसांनी. ‘नऊशे दिवस’ हा बोलण्यातला आकडा आहे, भागाकारात वापरायचा नाही. शिवाय १८ जानेवारी १९४३ ला वेढ्याला एक अरुंद खिंडार पडून रेल्वे सुरू झाली, त्यामुळे त्यानंतरचा काळ याच तक्त्यात ओढू नये.

आता माणसे. येथे बहुतेक जण १९३९ च्या जनगणनेचा तीस लाखांहून मोठा आकडा उचलतात. त्यानंतरच्या दोन वर्षांत सैन्यभरती झाली, उन्हाळ्यात लाखो लोक बाहेर काढले गेले आणि बाल्टिककडून निर्वासित आतही आले. वेढ्याच्या आरंभी शहरात २५ लाख ४४ हजार नागरिक होते, त्यांत सुमारे ४ लाख मुले, आणि वेढ्याच्या आतच अडकलेल्या उपनगरांत ३ लाख ४३ हजार, असे एकूण २८ लाख ८७ हजार. ‘शहराची लोकसंख्या’ म्हणून २५ लाख लिहिणारा आणि २९ लाख लिहिणारा, दोघेही बरोबर असू शकतात. फक्त तुम्ही साठा कोणत्या हद्दीचा घेतला आहे त्यावर कोणता आकडा चालेल ते ठरते.

सावधान : आघाडीवरचे सैन्य आणि बाल्टिक नौदल हे नागरिकांच्या संख्येत नाहीत, पण जेवत होते त्याच साठ्यावर. त्यांच्यासाठी वेगळी ओळ ठेवा. ती ओळ विसरली तर पुढे पाचव्या टप्प्यात पीठ उरल्यासारखे दिसते.

टप्पा ३ : साठा मोजताना

पोपकोव हे त्या वेळी शहर सोव्हिएतचे, म्हणजे नगर प्रशासनाचे, प्रमुख होते. त्यांनी ६ सप्टेंबरला मॉस्कोला कळवले त्यानुसार पीठ सुमारे १४ दिवसांचे, भरड (दलियासारखे भरडलेले धान्य) २३ दिवसांची आणि मांस १९ दिवसांचे होते. त्यानंतर राज्य संरक्षण समितीचे प्रतिनिधी म्हणून दिमित्री पावलोव आले, त्यांनी नव्याने मोजदाद करवली आणि १२ सप्टेंबरचा आकडा निघाला तो असा : धान्य, पीठ आणि सुका पाव मिळून ३५ दिवस, भरड व मॅकरोनी ३० दिवस, मांस ३३ दिवस, स्निग्ध पदार्थ ४५ दिवस, साखर व गोड पदार्थ ६० दिवस.

सहा दिवसांत १४ चे ३५ झाले, आणि या दरम्यान शहरात धान्याची मोठी खेप आलेली नाही. पहिला आकडा पिठाचा आहे, दुसऱ्यात न दळलेले धान्यही आहे. मोजदाद नवी आहे. आणि मधल्या काळात शिधा घटवला असल्यामुळे तेच पोते आता जास्त दिवस पुरते. ‘दिवस’ हे साठ्याचे माप मुळी नव्हेच, ते साठा आणि दर यांचे गुणोत्तर आहे, हे या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. म्हणून दिवसांत दिलेला कोणताही साठा तक्त्यात टाकण्यापूर्वी त्याचे टन करून घ्या, आणि कोणत्या दराने टन केले ते शेजारी लिहा.

दुसरी नेहमीची चूक बदायेव गोदामांची. ८ सप्टेंबरच्या बाँबहल्ल्यात ही लाकडी गोदामे जळाली, वितळलेली साखर जमिनीत मुरली, आणि त्यामुळेच शहर उपाशी मेले अशी समजूत तेथेही पसरली आणि आपल्याकडच्या लेखांतूनही ती तशीच पुढे येते. जळाले ते सुमारे ३,००० टन पीठ आणि २,५०० टन साखर. साखरेतला काही भाग काळवंडलेल्या स्थितीत परत मिळवला गेला. त्या दिवसांत पिठाचा रोजचा खर्च २,१०० टन होता. भागाकार करून पाहा, नुकसान दीड दिवसाच्याही आत बसते. आग दिसते, धुराचा लोट दिसतो, म्हणून ती लक्षात राहते. रेल्वे तुटल्याने रोज न आलेले धान्य कोणाला दिसत नाही.

टप्पा ४ : रोजच्या खर्चाचा दर बसवणे

या टप्प्यावर घाई करू नका, कारण संपूर्ण तक्ता याच रकान्यावर उभा आहे. पिठाचा सरासरी रोजचा खर्च असा उतरत गेला : वेढ्याच्या आरंभापासून ११ सप्टेंबरपर्यंत २,१०० टन, १६ सप्टेंबरपर्यंत १,३००, महिनाअखेरपर्यंत १,१००, १ ते २५ ऑक्टोबर १,०००, ऑक्टोबरचे शेवटचे सहा दिवस ८८०, १ ते १२ नोव्हेंबर ७३५, १३ ते १९ नोव्हेंबर ६२२, आणि २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत ५१० टन.

आता १२ सप्टेंबर ते १९ नोव्हेंबर या ६९ दिवसांची बेरीज करा. पाच दिवस १,३०० ने, चौदा दिवस १,१०० ने, पंचवीस दिवस १,००० ने, सहा दिवस ८८० ने, बारा दिवस ७३५ ने आणि सात दिवस ६२२ ने. एकूण सुमारे ६५ हजार टन. याच काळात लादोगा सरोवरातून बार्जने आलेले अन्न सुमारे २५ हजार टन होते आणि त्यातले बहुतेक धान्य व पीठच होते.

हे दोन आकडे हाती आले की तिसऱ्या टप्प्यातले ३५ दिवस कोणत्या दराचे होते ते तपासता येते. २,१०० टनांच्या जुन्या दराने धरले तर आरंभीचा साठा ७३,५०० टन निघतो, त्यात आवक मिळवून खर्च वजा केला तर २० नोव्हेंबरला ३३ हजार टन शिल्लक राहायला हवे होते. म्हणजे ५१० च्या दराने दोन महिन्यांची बेगमी. एवढी शिल्लक असती तर कोणताही प्रशासक त्या दिवशी शिधा १२५ ग्रॅमवर आणला नसता. उलट १,३०० च्या दराने साठा ४५,५०० टन येतो आणि शिल्लक सुमारे पाच हजार टनांवर उतरते, जी त्या निर्णयाशी सुसंगत आहे. यावरून १,३०० हाच दर सिद्ध झाला असे म्हणू नये. जुन्या दराचे गृहीतक टिकत नाही, एवढेच सिद्ध होते. प्रकल्पात तेवढेच लिहावे.

पडताळा : प्रत्येक ओळीच्या अखेरीस ‘आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा खर्च’ हा ताळा मांडा. शिल्लक उणे गेली तर एक तर आवक राहून गेली आहे किंवा मिसळीचा माल (पावाच्या पिठात घातलेली पेंड, मॉल्ट वगैरे) पिठात मोजला आहे.

टप्पा ५ : शिध्याचे वर्ग, आणि पावाचे पीठ करणे

शिध्याचे चार वर्ग होते : कामगार व तांत्रिक कर्मचारी, कार्यालयीन नोकर, अवलंबित, आणि बारा वर्षांखालील मुले. रोजचा पाव ग्रॅमांत याच क्रमाने देत आहे.

१८ जुलै १९४१ : ८००, ६००, ४००, ४००
२ सप्टेंबर : ६००, ४००, ३००, ३००
१२ सप्टेंबर : ५००, ३००, २५०, ३००
१ ऑक्टोबर : ४००, २००, २००, २००
१३ नोव्हेंबर : ३००, १५०, १५०, १५०
२० नोव्हेंबर : २५०, १२५, १२५, १२५
२५ डिसेंबर : ३५०, २००, २००, २००
२४ जानेवारी १९४२ : ४००, ३००, २५०, २५०
११ फेब्रुवारी : ५००, ४००, ३००, ३००

भट्टीच्या तोंडाशी काम करणाऱ्या कामगारांना २० नोव्हेंबरपासून ३७५ ग्रॅम होते, तो पाचवा वर्ग म्हणून टीपेत ठेवा. लेखांतून ‘लेनिनग्राडमध्ये माणशी १२५ ग्रॅम पाव मिळत असे’ असे सरसकट लिहिले जाते, ते दोन बाजूंनी चूक आहे. हा दर २० नोव्हेंबर ते २४ डिसेंबर एवढ्याच काळाचा आहे आणि कामगारवर्गाला तेव्हाही त्याच्या दुप्पट मिळत होते.

सरासरी काढताना चार आकड्यांची बेरीज करून चाराने भागू नका. वर्गांची माणसे सारखी नव्हती. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कामगारवर्गाची कार्डे सुमारे एक तृतीयांश लोकांकडे होती. म्हणून २० नोव्हेंबरची भारित सरासरी २५० चा तिसरा भाग अधिक १२५ चे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १६७ ग्रॅम येते. सोयीसाठी २५ लाख कार्डे धरली तर रोजचा पाव ४१७ टन.

हे पावाचे वजन आहे, पिठाचे नव्हे. राय धान्याच्या १०० किलो पिठापासून पाणी धरून साधारण १५० किलो पाव निघतो, तेव्हा ४१७ टन पावाला २७८ टन पीठ पुरेल. मग रोजचा खर्च ५१० टन कसा? ही तफावत दिसली की अनेक जण आकडा खोटा ठरवून मोकळे होतात. खरे तर येथून पुढचे काम सुरू होते. पहिल्या फळीच्या सैनिकांना ५०० आणि मागच्या तुकड्यांना ३०० ग्रॅम पाव होता; उपनगरांतली कार्डे, रुग्णालये आणि मुलांच्या वसतिगृहांचा वाटा वेगळा होता; आणि ‘पीठ’ या शब्दाखाली मिसळीचा माल धरला आहे का, हेही विचारावे लागते. तफावत लपवू नका, तिच्यासाठी रकाना उघडा.

टप्पा ६ : जाहीर शिधा आणि हातात पडलेला शिधा

कार्डावर लिहिलेला शिधा हा हक्क होता, माल नव्हता. पाव बहुतेक वेळा मिळाला. बाकीच्या जिनसांची गोष्ट निराळी. कामगाराच्या कार्डावर महिन्याला दीड किलो मांस लिहिलेले असे, पण ते दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी जाहीर होई आणि मांसाच्या कुपनावर प्रत्यक्षात अंड्याची पूड किंवा बंदरात सापडलेल्या मेंढ्यांच्या आतड्यांपासून केलेली जेली हाती पडे. तक्त्यात ‘मांस, ५० ग्रॅम रोज’ असे लिहून त्याच्या कॅलरी धरणे म्हणजे न आलेल्या मालाची पावती फाडणे होय.

कारखान्यांतल्या व संस्थांतल्या खाणावळींचे जेवण हे शिध्याखेरीजचे मानले जाते, ही दुसरी ढोबळ चूक. खाणावळीत वाटीभर लापशी घ्यायची तरी तेवढ्या भरडीचे कुपन कात्रीने कापून द्यावे लागे. यीस्टचे पातळ सूप यांसारखे थोडे पदार्थच कुपनाविना मिळत. खाणावळीचे जेवण वेगळे मोजले की तोच घास दोनदा मोजला जातो.

दुकानातला प्रसंग जरा जवळून पाहावा, कारण तूट नेमकी तेथे होते. पावाच्या कुपनावर तारीख छापलेली असे. विक्रेती कुपन कापून घेई, ओलसर काळ्या पावाचा तुकडा ताजव्यात टाकी, वजन कमी भरले तर वर एक छोटी फोड ठेवी. ही वरकड फोड घरी नेईपर्यंत तोंडात टाकायची की नाही, यावर कुटुंबांत नियम ठरलेले असत. पाव जितका ओला तितका तो वजनाला भरे, आणि १२५ ग्रॅममध्ये पाण्याचा वाटा वाढे. थंडीत पहाटेपासून रांगेत उभे राहण्यात जी शक्ती खर्च होई ती कोणत्याच सरकारी तक्त्यात नाही. निदान तुमच्या टीपेत असू द्या.

कार्ड हरवणे हा स्वतंत्र विषय आहे. बदली कार्डे ऑक्टोबरमध्ये सुमारे ४,८०० जणांना, नोव्हेंबरमध्ये १३ हजार आणि डिसेंबरमध्ये २४ हजार जणांना दिली गेली. त्यातली काही हरवणी खरी आणि काही बनावट होती, आणि अखेरीस बदली कार्ड देणे जवळजवळ बंद करण्यात आले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ज्याचे कार्ड चोरीला गेले त्याच्यासाठी जाहीर शिधा शून्य झाला. उलट बाजूने, मेलेल्या माणसाचे कार्ड महिनाअखेरपर्यंत घरात चालू राही. म्हणजे कार्डांची संख्या ही जिवंत माणसांची संख्या नव्हे, आणि डिसेंबर-जानेवारीत या दोहोंतले अंतर फार मोठे झालेले असते.

सावधान : जेथे ‘कार्डे’ लिहिले आहे तेथे ‘माणसे’ असे वाचू नका.

टप्पा ७ : पोषणाचा रकाना

चांगल्या राय-पावात शंभर ग्रॅमला २०० ते २५० किलोकॅलरी असतात, त्या हिशोबाने १२५ ग्रॅमला फार तर ३०० पडतील. पण हा पाव चांगला नव्हता. दारू गाळण्याच्या कारखान्यांतले मॉल्ट, लष्करी घोड्यांसाठी ठेवलेले ओट, बंदरातली सरकीची पेंड आणि शेवटी लाकडापासून केलेले सेल्युलोज त्यात मिसळले गेले. काही काळ मिसळीचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. पेंड आणि ओट यांना थोडे तरी पोषणमूल्य आहे, सेल्युलोज माणसाला पचत नाही. म्हणून सगळ्या मिसळीला शून्य धरणे चूक आणि सगळीला पीठ धरणेही चूक. दोन टोकांच्या दोन ओळी मांडा आणि उत्तर त्यांच्या दरम्यान आहे असे लिहा. एकच नेमका आकडा देण्याचा मोह आवरावा. दशांशचिन्हाने येथे विश्वासार्हता वाढत नाही.

टप्पा ८ : आवक, साखळीच्या प्रत्येक कडीची

आवकेचा आकडा कुठे मोजलेला आहे, हे आधी पाहा. लादोगाच्या पूर्व काठावर आलेला माल, सरोवर ओलांडलेला माल, पश्चिम काठावरच्या ओसिनोवेत्सहून रेल्वेने शहरात पोचलेला माल आणि बेकरीत उतरलेला माल हे चार वेगळे आकडे आहेत. साखळीतली सर्वांत अरुंद कडी जेवढे सोडेल तेवढेच शहरात पोचते. ८ नोव्हेंबरला या रेल्वेवरचे तिख्विन शहर जर्मनांच्या हाती पडले तेव्हा अरुंद कडी सरोवर नव्हती, सरोवरापर्यंत येणारी रेल्वे होती. माल दूरच्या स्थानकावरून जंगलातल्या कच्च्या वाटेने आणावा लागला, आणि ९ डिसेंबरला तिख्विन परत मिळाल्यावरच ती गाठ सुटली. पुढे कोळशाअभावी इंजिने थांबल्यावर अरुंद कडी ओसिनोवेत्स ते शहर या छोट्या टप्प्यावर सरकली. जानेवारीच्या अखेरीस तर पीठ असूनही पाण्याचा पुरवठा गोठल्यामुळे भट्ट्या अडल्या आणि नेव्हा नदीतून बादल्यांची माळ लावून पाणी आणावे लागले.

सरासरीचा सापळाही येथेच आहे. गोठलेल्या लादोगावरचा बर्फाचा रस्ता २२ नोव्हेंबरला सुरू झाला आणि एप्रिल १९४२ च्या उत्तरार्धात बंद झाला. त्या हिवाळ्यात ३ लाख ६१ हजार टन माल आला, त्यातले सुमारे २ लाख ६२ हजार टन अन्न. १५२ दिवसांनी भागले तर रोज १,७०० टनांहून जास्त, म्हणजे ५१० टनांच्या तिपटीपेक्षा अधिक. एवढाच भागाकार करणाऱ्याला लोक मेले कशाने, हेच कळणार नाही. प्रत्यक्षात २३ ते ३० नोव्हेंबर या आठ दिवसांत बर्फावरून आलेले पीठ ८०० टन होते, म्हणजे रोज शंभर, आणि ते आणताना सुमारे चाळीस ट्रक बुडाले किंवा अडकले. बर्फ पातळ असल्याने दीड टनी ट्रकवर मोजकीच पोती लादता येत होती. मोठी आवक जानेवारीनंतरची आहे.

पडताळा : आवकेचा रकाना आठवड्याच्या ओळींत मांडा. आठवड्याचे आकडे नसतील तर हंगामाची सरासरी काढूच नका, एकूण टन तेवढे लिहा.

टप्पा ९ : मृत्यूंचा रकाना उशिरा वाचायचा

नागरिकांचे नोंदलेले मृत्यू नोव्हेंबर १९४१ मध्ये सुमारे ११ हजार, डिसेंबरमध्ये ५३ हजार आणि जानेवारी-फेब्रुवारी १९४२ मिळून जवळजवळ २ लाख आहेत. शिधा सर्वांत कमी होता तो २५ डिसेंबरपूर्वी. मृत्यू शिगेला पोचले ते शिधा वाढल्यानंतर. यावरून वाढ कागदावरच होती असा निष्कर्ष काही जण काढतात. काही अंशी ते खरेही असेल, पण मुख्य कारण शरीरात आहे : महिनोन्‌महिने साठवण संपवलेले शरीर आज पाव वाढला म्हणून उद्या सावरत नाही, आणि त्या जानेवारीत थंडीही भयंकर होती. म्हणून शिध्याची आणि मृत्यूंची ओळ समोरासमोर न वाचता मृत्यू चार ते आठ आठवडे मागच्या शिध्याशी ताडून पाहावेत.

याच्याशी जोडून आणखी एक गोष्ट, जी लिहिताना हात अडखळतो. शिधा वाढवता आला त्यामागे वाढलेली आवक होती तशीच घटलेली तोंडेही होती. मृत्यूंखेरीज २२ जानेवारी ते १५ एप्रिल १९४२ या काळात बर्फावरून ५ लाख ५४ हजार लोक बाहेर काढले गेले. दुसऱ्या टप्प्यातली संख्या तुम्ही फेब्रुवारीपर्यंत तशीच ठेवली असेल तर माणशी अन्न प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दिसेल.

एकूण मृत्यूंसाठी युद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात सादर झालेला ६ लाख ३२ हजार २५३ हा उपासमारीचा अधिकृत आकडा आणि नंतरच्या अभ्यासकांचे आठ ते दहा लाखांचे अंदाज, दोन्ही द्या; कोणता कोणाचा आहे ते लिहा. येथील शिध्याचे आणि साठ्याचे बरेच आकडे पावलोव यांच्याकडून आलेले आहेत, आणि ते स्वतः त्या व्यवस्थेचे प्रमुख होते. आकडे त्यामुळे टाकाऊ होत नाहीत, मात्र व्यवस्थेच्या चुकांबद्दल ते बोलके नसणार, हे गृहीत धरावे.

टप्पा १० : हाच तक्ता दुसऱ्या शहराला लावताना

आपल्याकडचे वाचक साहजिकच मुंबईकडे वळतात. मुंबईत २ मे १९४३ रोजी रेशनिंग सुरू झाले, तेव्हा शहराला वेढा नव्हता, बंदर चालू होते, रेल्वे चालू होती. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि प्रांतांनी एकमेकांकडे धान्य जाऊ देण्यावर निर्बंध घातले, हा तेथला मुख्य पेच होता. अशा शहराच्या तक्त्यात साठ्याचा रकाना दुय्यम ठरतो आणि आवकेचा व भावाचा रकाना पुढे येतो. लेनिनग्राडच्या तक्त्यात भावाला जागाच नव्हती, कारण काळ्या बाजारात पाव पैशांपेक्षा वस्तूंच्या मोबदल्यात मिळे. तोंडे मोजतानाही १९४१ च्या जनगणनेतल्या सुमारे १५ लाखांवर थांबू नये, कारण युद्धकाळात शहरात लोकांची भर पडत होती.

वजनांचा गोंधळ मात्र मुंबईत लेनिनग्राडपेक्षा मोठा आहे. व्यापाऱ्यांच्या जुन्या कागदांतला मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा, आणि सरकारी व रेल्वेच्या कागदांतला मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७.३ किलोंचा. दोन्हींना कागदावर नुसते ‘मण’ म्हटलेले असते. कागद व्यापाऱ्याचा आहे की रेल्वेचा, हे पाहिल्याशिवाय एकही आकडा तक्त्यात घेऊ नये; जेथे तेही कळत नाही तेथे त्याच कागदावरच्या पोत्यांची संख्या शोधावी आणि एका पोत्याला किती मण पडतात ते काढून कोणता मण आहे ते ठरवावे.